पत्र लिहा, पण विधेयकाचा नंबर घालून

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट कळलाय की नाही ते तुम्हालाही दिसेल. तुम्ही टेक्ससमधल्या प्लेनोत राहता, एच-वन-बी व्हिसावर आहात, मुलगी दुसरीत आहे. शाळेत लॉकडाऊनचा, म्हणजे बंदूकधारी घुसला तर दार बंद करून अंधारात लपून बसायचा, सराव झाला आणि त्या रात्री ती म्हणाली की चालताना दिवे लागतात ते नवे बूट तिला शाळेत घालायचे नाहीत, कारण लपून बसलं की अंधारात ते चमकतात. तेव्हापासून आमदाराला पत्र लिहायचं तुमच्या मनात आहे. पण मतदानाचा हक्क नाही. मित्र म्हणतात, ‘आपण बरं, आपलं काम बरं.’ आणि टेक्ससमध्ये बंदुकीबद्दल कडक कायदा होणं शक्यच नाही, असं जो तो सांगतो. मग लिहून उपयोग काय, आणि लिहायचंच तर काय?

बुटांचं वाचलं आणि मला पुढचं वाचायला जरा वेळ लागला. माझ्या दवाखान्यातही एका आईने हेच सांगितलं होतं. तिच्या मुलाने बुटातले दिवे काळ्या चिकटपट्टीने झाकून घेतले होते, आणि पट्टी नीट बसली आहे ना, हे तो रोज सकाळी वाकून बघत होता.

मी डॅलसच्या उत्तरेकडच्या एका उपनगरात मुलांची डॉक्टर आहे. डिसेंबर २०१२ मध्ये कनेक्टिकटमधल्या सँडी हूक शाळेत २० मुलं आणि ६ मोठी माणसं मारली गेली. त्यानंतर जानेवारीत टेक्ससचं अधिवेशन सुरू झालं तेव्हा मी पहिल्यांदा राज्याच्या राजधानीत, ऑस्टिनला गेले, आणि तेव्हापासून एकही नियमित अधिवेशन चुकवलेलं नाही. सात झाली. बहुतेक वेळा हात हलवत परत आले आहे. पण प्रत्येक वेळी नाही, आणि जेव्हा काही हाती लागलं तेव्हा ते कशामुळे लागलं हे आता मला बऱ्यापैकी कळतं. तेच सांगते.

उपयोग होतो का, यापेक्षा पत्र कुणाला, कशासाठी आणि कधी, हे जास्त महत्त्वाचं आहे. एखादा मोठा गोळीबार झाला की त्या आठवड्यात आमदारांच्या कार्यालयात पत्रांचा ढीग पडतो. ‘काहीतरी करा, आता पुरे झालं.’ तळमळ खरी असते, पण कार्यालयातली मुलं अशा पत्रांचा फक्त आकडा लिहून ठेवतात. ‘काहीतरी’ या नावाचं विधेयक नसतं, त्यामुळे आमदाराला हो किंवा नाही म्हणायची वेळच येत नाही.

टेक्ससचं विधिमंडळ दर दोन वर्षांनी, विषम सालात, जानेवारीतल्या दुसऱ्या मंगळवारी भरतं आणि फक्त १४० दिवस चालतं. आता पुढचं नियमित अधिवेशन जानेवारी २०२७ मध्ये. विधेयकं आधीच्या नोव्हेंबरपासून दाखल व्हायला लागतात. हजारो विधेयकं येतात आणि त्यातली बरीचशी समितीतच मरतात. ती कुणी नामंजूर करत नाही. समितीचे अध्यक्ष सुनावणीच लावत नाहीत, किंवा सुनावणी होते आणि मतदान होत नाही, आणि एक दिवस मुदत संपते. ‘टेक्ससमध्ये शक्य नाही’ असं लोक म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर सभागृहातलं मतदान असतं. खरं तर गोष्ट तिथवर पोचलेलीच नसते.

२०२३ चं उदाहरण बघा. मे २०२२ मध्ये टेक्ससमधल्याच उवाल्डेच्या शाळेत १९ मुलं आणि २ शिक्षिका मारल्या गेल्या. मारणाऱ्याने अठरावा वाढदिवस झाल्यावर काही दिवसांतच दोन रायफली रीतसर, दुकानातून घेतल्या होत्या. म्हणून उवाल्डेच्या पालकांची मागणी साधी होती: अशा अर्धस्वयंचलित रायफली घ्यायचं वय १८ वरून २१ करा. विधेयकाचा नंबर एचबी (हाउस बिल) २७४४. १८ एप्रिलला समितीसमोर सुनावणी होती. पालक सकाळपासून येऊन बसले आणि त्यांचा नंबर लागेपर्यंत तेरा तासांहून जास्त वेळ गेला. मीही त्या दिवशी नाव नोंदवायला गेले होते. समितीच्या खोल्या तिथे कॅपिटॉलच्या, म्हणजे विधिमंडळाच्या इमारतीखाली, जमिनीच्या पोटात आहेत. दिवस मावळला की नाही तेही कळत नाही. रात्री उशिरा एकेक आई-बाप उठून माइकपाशी जात होते, आणि प्रत्येकाला बोलायला मोजून काही मिनिटं. माझ्या शेजारी बसलेल्या बाईंनी आपली थर्मास बाटली रांगेतून पुढे दिली. ती हातोहात पुढे गेली आणि रिकामी होऊन परत आली.

त्यानंतर तीन आठवडे समितीत मतदान नाही. ६ मेला ॲलनच्या आउटलेट मॉलमध्ये आठ माणसं मारली गेली. तुम्ही प्लेनोत आहात, म्हणजे त्या पार्किंगमध्ये तुम्हीही कधी गाडी लावली असेल. मेलेल्यांत भारतातून आलेली एक तरुण इंजिनियर होती. ८ मेला कॅपिटॉलमध्ये लोक घोषणा देत उभे राहिले, आणि ज्या मतदानाची तोवर चिन्हं नव्हती ते त्याच दिवशी झालं. ८ विरुद्ध ५. दोन रिपब्लिकन आमदारांनी बाजूने मत दिलं. आणि दुसऱ्या दिवशी कार्यक्रमपत्रिकेवर येण्याची मुदत संपली. विधेयक तिथेच गेलं.

यातून दोन उलटे निष्कर्ष काढता येतात. एक म्हणतो, बघा, शेवटी काही झालं नाहीच. मला यात वेगळं दिसतं. मतदानच होणार नव्हतं ते झालं, ते माणसं प्रत्यक्ष उभी राहिली म्हणून, आणि तीन आठवडे उशीर झाला म्हणून हरलो. हाच रेटा एप्रिलमध्ये असता तर? पुढे सभागृहात, सिनेटमध्ये, गव्हर्नरकडे ते अडलंच असतं, बहुधा. पण प्रत्येक आमदाराला नावानिशी हो किंवा नाही म्हणावं लागलं असतं.

त्या दोघांपैकी एक आमदार २०२४ मध्ये पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीत हरले. कारणं इतरही होती, पण हे मतही त्यांच्याविरुद्ध वापरलं गेलं. हे मुद्दाम सांगते, कारण आमदार कशाला घाबरतो हे माहीत असल्याशिवाय त्याच्याशी बोलता येत नाही. प्राथमिक निवडणुकीला थोडे लोक मतदान करतात आणि त्यांच्यातले बंदूकवाले संघटित असतात, लगेच फोन करतात, आठवण ठेवतात. आपल्या बाजूचे लोक रागावतात आणि महिन्याने विसरतात. बरं काम केलेल्या आमदाराला आपल्यातला कुणी आभाराचं पत्रसुद्धा लिहीत नाही. मी त्या दोघांनाही लिहिलं होतं. तुम्ही फक्त एकच पत्र लिहिणार असाल तर एखाद्याने अवघड मत दिल्यानंतरचं आभाराचं पत्र लिहा, असंही मी म्हणेन.

आता छोट्या गोष्टी. मोठी विधेयकं पडतात तेव्हा शेजारून काही लहान कायदे बिनबोभाट मंजूर होतात. २०२१ मध्ये टेक्ससने बंदुकीच्या तिजोऱ्या आणि कुलपं यांच्यावरचा विक्रीकर काढला (एसबी ३१३, एसबी म्हणजे सिनेट बिल). २०२३ मध्ये एसबी ७२८ झाला. मानसिक आजारासाठी कोर्टाच्या आदेशाने दाखल झालेल्या १६ वर्षांवरच्या मुलांची नोंद त्यानुसार पार्श्वभूमी तपासणीच्या राष्ट्रीय यादीत जाते. आधी ती जातच नव्हती. त्याच वर्षी शाळांच्या सुरक्षेचा मोठा कायदा झाला, एचबी ३. शाळेत सशस्त्र पहारेकरी हवा, हे त्यातलं सगळ्यांना माहीत असतं. पण बंदूक घरात सुरक्षित कशी ठेवावी याची माहिती शाळांनी पालकांना पाठवायची, असंही एक कलम त्यात आहे. ज्या विधिमंडळाने २०२१ मध्ये परवान्याशिवाय पिस्तूल बाळगायला मुभा दिली, त्यानेच हे केलं. मला हे तीनही अपुरे वाटतात. पण ‘टेक्ससमध्ये काहीच होत नाही’ हे खरं नाही, एवढं यावरून कळावं.

उलट दिशेनेही कायदे होतात, तेही सांगायला हवं. जिवाला धोका वाटणाऱ्या माणसाकडून न्यायालयाच्या आदेशाने काही काळ बंदूक काढून घेण्याची सोय आज वीसहून अधिक राज्यांत आहे. फ्लोरिडात तर रिपब्लिकन विधिमंडळ आणि रिपब्लिकन गव्हर्नर असताना, पार्कलंडच्या शाळेत १७ जण गेल्यावर, तीन-सव्वातीन आठवड्यांत हा कायदा झाला, आणि त्याच विधेयकात रायफलीचं वयही २१ झालं. टेक्ससने मात्र २०२५ मध्ये असे आदेश लागू करायलाच बंदी घातली. त्यामुळे ही मागणी आज इथे करायची म्हणजे आधी ती बंदी उठवा म्हणावं लागेल. ते काम लांब पल्ल्याचं आहे आणि पहिलंवहिलं पत्र त्यासाठी खर्च करू नये, असं माझं मत.

मग काय मागायचं? मी बालरुग्णतज्ज्ञ आहे, म्हणून माझा कल कुठे आहे ते आधीच सांगते: कुलूप. आज टेक्ससमध्ये १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागली तर मालकाचा गुन्हा होतो. म्हणजे मूल बंदुकीपर्यंत पोचेपर्यंत कायदा गप्प. ज्या घरात मूल आहे तिथे वापरात नसलेली बंदूक कुलपात हवी, हे आधीच सांगणारा कायदा हवा. अमेरिकेत २०२३ मध्ये बंदुकीने ४६,७२८ माणसं मेली. त्यातल्या २७,३०० आत्महत्या होत्या. टीव्हीवर दिसतात त्या घटना यातला अगदी छोटा भाग आहेत. बंदुकीने केलेल्या प्रयत्नातून दहातला जेमतेम एक वाचतो, आणि तो क्षण बहुतेकदा थोड्या वेळाचा असतो. मधे एक कुलूप आलं, चावी शोधायला लागली, तर तो क्षण टळून जातो. २०२० पासून १ ते १९ वयाच्या मुलांच्या मृत्यूचं पहिलं कारण बंदूक आहे. मी शिकत होते तेव्हा ते मोटारीचे अपघात होतं. सीट बेल्ट, बाळाच्या सीटा, रस्ते, सगळं कायद्याने बदलत गेलं, म्हणून ते मागे पडलं.

माझ्याकडे एक मुलगा येतो. चार वर्षांचा असताना त्याला घरातल्या मोठ्या माणसाच्या पर्समध्ये पिस्तूल सापडलं. जीव वाचला, डाव्या हाताची दोन बोटं गेली. ड्रेसिंगला यायचा तेव्हा खोलीतल्या पायाने उघडायच्या कचरापेटीचं झाकण आपटलं की दोन्ही हात कानांवर न्यायचा. एक हात पट्टीतला, तो कानापर्यंत पुरायचा नाही, मग डोकंच खाली वाकवायचा. आम्ही ती पेटी बाहेर काढली. हे मी त्याच्या आईची लेखी परवानगी घेऊन, नावगाव न सांगता, समितीसमोर सांगितलं आहे. दोन मिनिटं मिळतात, एवढं पुरतं. आकडे त्यांच्याकडे असतातच.

वयाची अट ही दुसरी मागणी, तिचं कारण वर आलंच. तिसरी, खासगी विक्रीची. दुकानदाराला गिऱ्हाइकाची तपासणी करावी लागते, पण दोन माणसांनी आपापसात व्यवहार केला तर संघीय कायद्यात ती सक्ती नाही. २०१९ मध्ये मिडलंड-ओडेसात सात जणांना मारणारा माणूस २०१४ मध्ये तपासणीत नापास झाला होता. बंदूक मग त्याने खासगी व्यवहारात मिळवली. या तिन्हींपैकी एकच निवडा. तिन्ही एका पत्रात घातली की एकही लक्षात राहत नाही.

आता तुमच्या मनातली खरी अडचण: ‘मी नागरिक नाही.’

आमदाराला भेटणं, लिहिणं, समितीसमोर बोलणं याला नागरिकत्व लागत नाही. सरकारकडे गाऱ्हाणं मांडण्याचा हक्क राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीत लोकांना दिलेला आहे. आणि एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. टेक्ससमध्ये मतदारसंघ मतदारांच्या नव्हे, एकूण लोकसंख्येच्या हिशेबाने आखतात. यावर टेक्ससमधूनच खटला झाला, आणि २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्याला असं करता येतं असा एकमताने निर्णय दिला. म्हणजे २०२० च्या जनगणनेत तुम्ही इथे असाल तर तुमच्या आमदाराचा मतदारसंघ आखताना तुम्ही, तुमची बायको, तुमचं बाळ, सगळे मोजले गेलात. एका आमदारामागे दोन लाखांच्या आसपास माणसं येतात. महाराष्ट्रातल्या विधानसभा मतदारसंघापेक्षाही हे लहान आहे. फोन उचलणारी मुलगी तुम्हाला नाव, झिप कोड आणि विधेयकाचा नंबर विचारते, नागरिक आहात का असं मला तरी कधी कुणी विचारलेलं नाही. मी पहिली तीन अधिवेशनं ग्रीन कार्डवर केली.

पण इथे जपायच्या जागा आहेत, आणि त्या गंभीर आहेत.

सगळ्यात मोठी ही: सभेत, मोर्चात, कॅपिटॉलच्या दारात कुणीतरी हसतमुखाने मतदार नोंदणीचा अर्ज पुढे करेल. त्यावर सही करू नका. नुसतं ‘बघतो’ म्हणूनही भरू नका. नागरिक नसताना मतदार म्हणून नाव नोंदवलं तर पुढे ग्रीन कार्ड, नागरिकत्व, सगळंच अडचणीत येतं. दुसरं, एच-वनवर असताना कुठल्याही उमेदवाराला निवडणुकीसाठी देणगी देता येत नाही. ग्रीन कार्ड असेल तर चालतं. तिसरं, समितीसमोर दिलेली साक्ष सार्वजनिक असते. चित्रीकरण होतं, साक्षीदारांच्या यादीत नाव राहतं. आजच्या वातावरणात व्हिसावरच्या माणसाला याची धास्ती वाटली तर ती उगीच आहे असं मी म्हणणार नाही. तुमचा अर्ज नाजूक टप्प्यावर असेल तर आपल्या इमिग्रेशन वकिलाला एकदा विचारा, आणि तोवर फोन करा किंवा स्थानिक कार्यालयात भेटा. तेवढंही भरपूर आहे. जाता जाता एक: एच-वनवर असताना बंदूक हातात घ्यायलाही संघीय कायद्याने सर्वसाधारणपणे मनाई आहे. शिकारीचा परवाना वगैरे मोजके अपवाद आहेत. ऑफिसची टीम शूटिंग रेंजवर सहल काढते तेव्हा आपली मुलं हौसेने जातात. जाण्याआधी हे त्यांना सांगा.

तर आता करायचं काय. तुमचा आमदार आणि तुमचा राज्य सिनेटर कोण ते पत्ता टाकून विधिमंडळाच्या संकेतस्थळावर शोधा. प्लेनोच्या महापौरांना लिहू नका. शहरांना बंदुकीचे स्वतःचे नियम करायला राज्याने मनाई केलेली आहे. मग अधिवेशन नसतानाच्या या दिवसांत आमदाराच्या स्थानिक कार्यालयात पंधरा मिनिटांची वेळ मागा. ऑस्टिनमध्ये अधिवेशनाच्या धामधुमीत तुम्हाला दीड मिनिट मिळेल, इथे कदाचित अर्धा तास मिळेल. आमदार भेटले नाहीत आणि सहायक भेटला तर हिरमुसू नका. आमदाराला चिठ्ठी तोच लिहून देतो.

बोलताना समोरचा माणूस बंदूकवाला आहे असं धरूनच चला. मी माझ्या आजोबांचं सांगते. कुडाळजवळच्या आमच्या गावी त्यांच्याकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती. माकडं आणि रानडुकरं भातशेती, केळी ठेवत नसत. निवडणूक जाहीर झाली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची आणि निकालानंतर परत आणायची. त्यात त्यांना कधी आपला अपमान झाला असं वाटलं नाही. घरात बंदूक माळ्यावर आणि बंदुकीची दारू वेगळ्या डब्यात, आजीच्या ताब्यात. आम्हा नातवंडांना दोन्हीपैकी एकाही ठिकाणी हात पोचायचा नाही. हे मी एका शिकारी आमदारांना सांगितलं, तर त्यांनी खिशातून नातीचा फोटो काढला आणि आपल्या तिजोरीबद्दल वीस मिनिटं बोलले. वयाच्या विधेयकाला त्यांनी शेवटपर्यंत पाठिंबा दिला नाही. पण त्यानंतर कुलपांच्या बाबतीत त्यांच्या कार्यालयातून मला आपणहून फोन येऊ लागले.

बंदूक काढून घ्यायची आहे का, असा प्रश्न हटकून येतो. सरळ उत्तर द्या: नाही. आणि कुणी म्हणालं की न्यायालय असले कायदे टिकू देत नाही, तर २०२४ चा रहीमी खटला सांगा. तोही टेक्ससमधलाच. घरगुती हिंसेमुळे संरक्षण आदेश लागलेल्या माणसाला बंदूक ठेवता येणार नाही, हा कायदा सर्वोच्च न्यायालयाने ८ विरुद्ध १ असा उचलून धरला.

विधेयक दाखल झालं की त्याचा नंबर घालून पत्र. इंग्रजीतच लिहाल, पण मजकूर साधारण असा असू द्या:

‘मी तुमच्या मतदारसंघात इतकी वर्षं राहतो. माझी मुलगी दुसरीत आहे. लॉकडाऊनच्या सरावानंतर तिने दिव्यांचे बूट घालायचं सोडलं, कारण अंधारात ते दिसतील अशी तिला भीती वाटते. मुलं असलेल्या घरात बंदूक कुलपात ठेवणं बंधनकारक करणारं अमुक नंबरचं विधेयक अमुक समितीपुढे आहे. तुम्ही त्याला पाठिंबा द्याल का? आणि त्याची सुनावणी लावावी असं समितीच्या अध्यक्षांना सांगाल का? तुमचं उत्तर मला कळवावं.’

एवढंच. बूट राहू द्या, ते कुणाला खोडता येत नाहीत. शेवट प्रश्नाने करा, म्हणजे कार्यालयाला काहीतरी उत्तर द्यावं लागतं. दहा दिवसांत आलं नाही तर फोन करा आणि पत्राची तारीख सांगा. आपल्याकडे सरकारदरबारी पाठपुरावा करतात तसंच.

सुनावणी लागली तर कळायला फार वेळ मिळत नाही, म्हणून समितीच्या सूचना ईमेलवर येतील अशी सोय करून ठेवा. ऑस्टिनला गेलात तर बोलण्याची सक्ती नाही. नाव नोंदवताना तीन पर्याय असतात: विधेयकाच्या बाजूने, विरुद्ध, किंवा तटस्थ माहिती देण्यासाठी. ‘बाजूने, बोलायचं नाही’ असं नोंदवलं तरी ते अहवालात येतं. आमच्या बाजूचे कित्येक लोक चुकून तटस्थाच्या रकान्यात नाव घालून घरी जातात, तेवढं बघा. आणि शक्यतो एकटे जाऊ नका. मॉम्स डिमांड ॲक्शन ही संघटना सँडी हूकच्या दुसऱ्या दिवशी एका आईने फेसबुकवर सुरू केली. आज तिचे गट टेक्ससभर आहेत आणि पहिल्यांदा येणाऱ्याला ते हात धरून सगळं दाखवतात.

वॉशिंग्टनला लिहायचं की ऑस्टिनला, असंही तुम्ही विचारलंय. दोन्ही, पण आधी ऑस्टिन. संघीय पातळीवर मोठा कायदा जवळजवळ तीस वर्षांनी झाला, जून २०२२ मध्ये, उवाल्डेनंतर महिन्याभरात. २१ वर्षांखालच्या गिऱ्हाइकाची जास्त कसून तपासणी, दुसऱ्याच्या नावाने बंदूक घेऊन देणाऱ्यांना कडक शिक्षा, आणि प्रेमसंबंधातल्या जोडीदारावर हिंसा केलेल्यांनाही काही काळ बंदीच्या कक्षेत आणणं, असं त्यात आहे. वाटाघाटी करणाऱ्यांत टेक्ससचे रिपब्लिकन सिनेटर जॉन कॉर्निन होते, आणि त्यासाठी त्यांच्याच पक्षाच्या अधिवेशनात ह्यूस्टनला लोकांनी त्यांची हुर्यो उडवली. सिनेटमध्ये तो ६५ विरुद्ध ३३ मतांनी झाला. त्याआधी २०१३ मध्ये, सँडी हूकनंतर, याच सिनेटमध्ये खासगी विक्रीच्या तपासणीची दुरुस्ती ५४ विरुद्ध ४६ वर अडली होती, कारण ६० लागत होती. मधल्या काळात बरीच सामान्य माणसं फोन करत राहिली.

हे वाचणारे इतर राज्यांत असतील तर तपशील बदलतात. इलिनॉयमध्ये घरबसल्या संकेतस्थळावर ‘विटनेस स्लिप’ भरून विधेयकाला पाठिंबा नोंदवता येतो, पाच मिनिटांचं काम आहे, शिकागोच्या मराठी मंडळींनी ते जरूर करावं. न्यू जर्सीत कायदे आधीच कडक आहेत, तिथे मागणी अंमलबजावणीची आणि पैशांची. नॉर्थ कॅरोलिनात २०२३ मध्ये पिस्तूल घेण्याआधीचा परवाना रद्द झाला, गव्हर्नरचा नकाराधिकार डावलून. केरी-मॉरिसव्हिलच्या लोकांना त्यामुळे बचावाची लढाई आधी लढावी लागेल.

एक काम कायद्याची वाट न बघता करण्यासारखं आहे. मुलगी कुणाकडे खेळायला जाणार असेल तर त्या पालकांना विचारा: घरात बंदूक आहे का, आणि कुलपात आहे का? कुत्रा आहे का, तिला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, याच्याच ओघात. पहिल्यांदा जीभ अडखळते. मी दवाखान्यात प्रत्येक घराला विचारते, आणि ग्रीन कार्ड मिळाल्यावर पिस्तूल घेतलेली मराठी घरंही आता त्यात असतात, तेव्हा आपल्या लोकांकडे जाताना विचारायची गरज नाही असं समजू नका. फ्लोरिडात तर डॉक्टरांनी हे विचारू नये असा कायदा २०११ मध्ये झाला होता. डॉक्टर न्यायालयात गेले आणि २०१७ मध्ये तो रद्द झाला.

मुलीच्या बुटांचं म्हणाल तर तिला ते घालायचा आग्रह करू नका, आणि टाकूनही देऊ नका. घरी, बागेत घालू द्या. सरावाच्या आधी शाळेने पालकांना कळवावं अशी विनंती मुख्याध्यापकांना करा. ती बहुतेकदा मान्य होते, आणि मग आदल्या दिवशी तिच्याशी बोलता येतं. झोप उडाली असेल, पोट दुखतंय म्हणून शाळा टाळत असेल, तर तिच्या डॉक्टरांना सांगा.

पत्राचा मसुदा झाला की नाव-पत्ता काढून इथेच टाका. मी रविवारी सकाळी वाचून काय गाळायचं ते सांगते.